स्टुलाच्या रंगाचं रॉकेट

"तूच जोडायचंस, ताते... पण तू जोडलंयस हे अकेंना कळता कामा नये!"

एवढं बोलून तोलेगेनने खोका बहिणीच्या टेबलावर ठेवला आणि नजर खिडकीबाहेर वळवली. उलबोसिनच्या हातातला चिमटा तसाच हवेत राहिला. खोक्यावरचं चित्र तिने पाहिलं मात्र, आणि ओळखलं! तेच ते... ज्वाळांवर स्वार होऊन निळ्या आभाळात शिरणारं पहिल्या अंतराळवीराचं रॉकेट, कोपऱ्यात तीच जर्मन अक्षरं, कडेला तोच पिवळा पट्टा. चाळीस वर्षांपूर्वी असाच एक खोका त्यांच्या घरात आला होता आणि त्याने तिचं घर, तिचं गाव, तिचं ठरलेलं लग्न आणि तिचे अके, म्हणजे वडील, सगळं दोन दिवसांत गिळून टाकलं होतं.

"कुठं मिळालं हे?" तिने विचारलं. आवाज तिचा तिलाच परका वाटला.

"मॉस्कोच्या जुन्या बाजारात. सीलसुद्धा तुटलेलं नाही. अके हल्ली सारखे विचारतात, 'तुझं ते रॉकेट कुठं गेलं रे?' जेवताना विचारतात, झोपून उठले की विचारतात. डोळे जवळजवळ गेलेत त्यांचे, पण हे एक डोक्यातून जात नाही. पुढच्या महिन्यात नव्वदी आहे. म्हटलं, हातात तरी देऊ."

"मग तू जोड की. तुझंच होतं ना ते?"

हे तिने टोचून म्हटलं नव्हतं; टोचून बोलणं तिच्या स्वभावातच नव्हतं. पण मॉस्कोजवळच्या कारखान्यात शंभर माणसं ज्याच्या शब्दावर उठतात-बसतात तो सत्तावन्न वर्षांचा इंजिनिअर शाळेतल्या पोरासारखा मान खाली घालून उभा राहिला.

"मला नाही जमत, ताते. त्या दिवसापासून मी ब्रश धरलेला नाही. आणि हे बघ... रुपेरीच रंग दे. कागदावर लिहिलाय तसा. उगाच जुनी राख उकरायला नको."

"चाळीस वर्षं मी रुपेरीच देतेय, बाबा. रीगापासून नोवोसिबिर्स्कपर्यंत कुणालाही विचार."

ते खरंच होतं. किझिलोर्दातल्या तिच्या दोन खोल्यांच्या घरात कुठून कुठून खोके यायचे. ज्या माणसांची लहानपणं त्या पहिल्यावहिल्या अंतराळयानांच्या प्लास्टिकच्या तुकड्यांत अडकून पडली होती, ती माणसं म्हातारपणी ते खोके शोधून काढायची आणि हात थरथरतात म्हणून हिच्याकडे पाठवायची. एकटी बाई, ना नवरा, ना मूल, शेजारपाजारच्या बायका म्हणायच्या, "हिच्या घरी पोरं नाहीत, रॉकेटं आहेत, आणि तीसुद्धा दुसऱ्यांची!" ती हसायची. प्रत्येक रॉकेट ती रुपेरी रंगवायची. कुणी म्हणालं, बाई, खरं तर असं नव्हतं, तर म्हणायची, "कागदावर लिहिलंय तसं करते. मला काय कळतंय त्यातलं!"

काय कळत होतं, ते तिचं तिला आणि या भावालाच ठाऊक होतं.

उलबोसिन म्हणजे 'मुलगा होवो'. आमच्याकडे मुलगा हवा असला की आधी जन्मलेल्या पोरीचं नाव असं ठेवायची पद्धत आहे. हाक तिला मारायची आणि वाट दुसऱ्याची बघायची! आठ वर्षांनी मुलगा झाला आणि त्याच दिवशी आई गेली. तेव्हापासून आठ वर्षांची ती पोर त्या तान्ह्याची आई झाली. त्याला तिने उंटिणीच्या दुधावर वाढवलं, तो पडला तर आपल्या गुडघ्याला लागल्यासारखी कळवळली, आणि त्याला रॉकेटांचं वेड लागलं तेव्हा शाळेत मुलांचं मॉडेल-मंडळ चालवायची नोकरी धरली, का तर तिथं डिंक आणि कानस फुकट मिळे!

घर तोरेताम स्टेशनजवळ, रुळांना लागून. पलीकडे तारेच्या कुंपणाआड ते बंद शहर, जिथून रॉकेटं उडत आणि जिथे परवान्याशिवाय कुणाला जाता येत नसे. वडील, सार्सेनबाय, तिथे रंगारी. सकाळी डब्यातून जेवण न्यायचं आणि संध्याकाळी त्याच डब्यातून रंग आणायचा, ही आमच्या गावाची जुनी रीत. त्याला चोरी म्हणायचं नाही, 'उरलासुरला' म्हणायचं. त्यामुळे गावातली दारं, खिडक्या, कोंबड्यांची खुराडी, पोरांचे पाळणे, झाडून सगळं एकाच करड्या-हिरव्या रंगाचं! पाहुणे विचारायचे, तुमच्याकडे दुसरा रंग विकतच नाहीत का?

रॉकेटचाही रंग तोच होता. मेंढ्या चारायला गेलेल्या तोलेगेनने ते कितीदा रुळांवरून आडवं जाताना पाहिलं होतं. बाहेरच्या जगाला तो रंग ठाऊक नव्हता. जगासाठी रॉकेट चित्रातल्यासारखं चकचकीत रुपेरी होतं आणि ते तसंच राहावं, असा वरचा हुकूम होता. पण ज्या स्टुलावर बसून आपण रोज जेवतो, त्या स्टुलाचा रंग देशाचं गुपित असेल, असं आमच्यापैकी कुणाच्या स्वप्नात तरी येईल का? सतरा वर्षांच्या तोलेगेनने जर्मन खोक्यातलं रॉकेट जोडलं, कागदावर 'रुपेरी' लिहिलेलं वाचून नाक मुरडलं, म्हणाला, "यांनी बघितलंय कुठं!" आणि वडिलांच्या डब्यातला रंग काढून त्याला दिला. रॉकेट अल्मा-अताच्या प्रदर्शनात गेलं. पहिला नंबर आला. कुणीतरी परदेशी पाहुण्याने त्याचा रंगीत फोटो काढला.

आठव्या दिवशी गुप्त खात्याची दोन माणसं रॉकेट पेटीत घालून घरी आली.

त्यांनी आवाज चढवला नाही. नुसतं विचारलं, "रंग कुणी दिला? रंग आला कुठून?" घरात तिघंच होती. तोलेगेनचा चेहरा पांढराफटक पडलेला... त्याच्या उशीखाली मॉस्कोच्या विमानविद्या संस्थेचं पत्र होतं, चारच दिवसांपूर्वी आलेलं! वडिलांच्या कपाळावर घाम... बंद शहरातून रंग आणला म्हणून दहा वर्षांचा तुरुंग! आणि उलबोसिन? तिचं लग्न ठरलं होतं. तारमास्तर एसेनगेल्दीच्या आईने घरी येऊन तिच्या कानांत रीतीप्रमाणे कुड्या घातल्या होत्या. बोलताना त्या हलायच्या, आणि कुणाचं लक्ष नसताना ती उगाचच मान हलवून बघायची.

"मी दिला," ती म्हणाली. "कचऱ्याच्या ढिगावर टाकलेले डबे उचलून आणले होते. शाळेची स्टुलं त्यातूनच रंगवली. घरचीही. यांना कुणालाच माहीत नाही."

त्या माणसांनी सार्सेनबायकडे पाहिलं. रॉकेट त्याच्या हातात दिलं. त्याने ते जवळ धरून फिरवून फिरवून पाहिलं. मग खाली ठेवलं, मुलीकडे वळला, आणि त्याने दोन्ही हात पुढे केले... पण पालथे! आशीर्वादाला तळवे वर असतात. तळवे खाली करून, हातांच्या पाठी दाखवून जो दिला जातो, तो शाप. बापाने मुलीला असा शाप दिलेला गावात कुणी पाहिला नव्हता. "हिचं तोंड मला पुन्हा दिसू नये," तो म्हणाला. माणसांची खात्री पटली. अठ्ठेचाळीस तासांत तिने तो सगळा मुलूख सोडायचा, एवढ्यावर निभावलं.

दुसऱ्या दिवशी एसेनगेल्दीची आई आली आणि एक शब्द न बोलता तिने कुड्या काढून नेल्या. निघताना तोलेगेन मेंढ्यांच्या वाड्यात तोंड लपवून रडत होता. तिने त्याच्या केसांतून हात फिरवला, म्हणाली, "तोंड उघडलंस तर तुला माझी शपथ आहे. शीक. खूप शीक." तो शिकला. चार वर्षांनी अमेरिकनांबरोबर एकत्र उड्डाण झालं आणि तेच रॉकेट, तोच स्टुलाचा रंग, जगभरच्या मासिकांत रंगीत छापून आला. उलबोसिनने ते मासिक किझिलोर्दाच्या स्टेशनवर पाहिलं आणि तिथेच बाकावर बसून राहिली. आता अके बोलावतील, तिला वाटलं. आता काय उरलं आहे लपवण्यासारखं!

नाही बोलावलं. तिने पत्रं लिहिली. उत्तर नाही. मुलूख मोकळा झाला, देश बदलला, झेंडा बदलला, तरी नाही. मग ती कधीकधी अरालचं तिकीट काढायची. अरालला तिचं कुणी नव्हतं. पण गाडी तोरेतामला थांबायची आणि खिडकीतून घराचं दार दिसायचं. एकदा म्हातारा बाहेर बाकावर बसलेला दिसला. तिने काचेवर दोन्ही तळवे टेकवले... गाडी सुटली. पुढे अरालला उतरून, तिथल्या बाजारात उगाच वाळवलेले मासे विकत घेऊन ती परतीच्या गाडीत बसली.

राग मात्र तिला कधी आला नाही. ती स्वतःला समजावी, अके फसले आहेत, त्यांना खरं ठाऊक नाही, म्हणून त्यांचा कोप खरा आहे. तो कोप तिने जपला होता. बापाचं काहीतरी तिच्या वाट्याला आलं होतं, आणि ते हेच होतं.

असो. खोका उघडला गेला.

चाळीस वर्षांचं प्लास्टिक म्हातारं झालेलं असतं. त्याला घाई चालत नाही. मधल्या लांब नळकांड्याच्या दोन अर्ध्या फाका वाकल्या होत्या; तिने त्या गरम पाण्यात धरल्या, पुस्तकांच्या वजनाखाली ठेवल्या, पुन्हा धरल्या. फटी बुजवायला, ज्या चौकटीतून सुटे भाग तोडून काढतात तिचे उरलेले तुकडे कापून डिंकात विरघळवले आणि तो लगदा काडीने भरला. पाण्यात भिजवून चिकटवायची अक्षरं पिवळी पडली होती. तो कागद खिडकीच्या काचेला लावून दहा दिवस उन्हात ठेवला, तेव्हा पिवळेपणा उडाला. ज्वाळा ओकणारी वीस मोठी धुराडी, बारा बारकी. त्यातलं एक बारकं बोटावरून उडालं आणि तिने पासष्टाव्या वर्षी गुडघ्यांवर रांगत सगळी जमीन पालथी घातली, तेव्हा ते तिच्याच स्वेटरला चिकटलेलं सापडलं. बाजूच्या चार टाक्या मधल्या नळकांड्याला बिलगून उभ्या राहिल्या तेव्हा तिला एकदम जुना तोलेगेन दिसला, जीभ बाहेर काढून, श्वास रोखून डिंक लावणारा!

मग तिने रुपेरी रंग दिला. सुंदर बसला. वाळू दिला, खिडकीशी धरून पाहिला... आणि तिच्याने ते बघवेना. त्या म्हाताऱ्याने जन्मभर रंग दिला होता. डोळे गेले म्हणून त्याच्या हातात खोटा रंग द्यायचा? हे त्याला कधी कळणार नाही, ठीक. पण आपल्याला कळेल ना! तिने द्रावणात चिंधी बुडवली, सगळा रुपेरीपणा पुसून काढला आणि पांढरा, काळा, हिरवा, किंचित पिवळा असं मिसळत बसली. चार दिवस जमेना. पाचव्या दिवशी बशीतला रंग बघून तिला एकदम भूक लागली, घरच्या स्टुलावर बसून खाल्लेल्या, पिठाच्या तळलेल्या गरम बाउरसाकांची भूक... आणि ती समजली, हाच!

तोलेगेन न्यायला आला, तो दारातच थांबला.

"ताते, हे काय केलंस!"

"का? त्यांना दिसत नाही म्हणालास ना?"

तो रॉकेट कापसात गुंडाळून घेऊन गेला. तिसऱ्या दिवशी दुपारी त्याचा फोन आला. आवाज विचित्र.

"ताते... अके म्हणतात, जिने हे केलं तिला बोलावून आण."

"तू सांगितलंस?"

"खुदाशपथ, नाही! त्यांनी नुसता हात फिरवला. आणि मग असे बसलेत की... तू ये."

या खेपेला तिने तोरेतामचंच तिकीट काढलं. गाडी थांबली आणि ती उतरली. एवढी साधी गोष्ट, पण फलाटावर पाय टेकताना तिला कुणाचा तरी हात धरावासा वाटला. उंबऱ्याशी तिने बूट काढले. म्हातारा गालिच्यावर उशांना टेकून बसला होता, केवढासा झालेला, मांडीवर रॉकेट. डोळ्यांवर साय. शेजारची रायहान, जी त्याचं सगळं बघायची, ती हळूच बाजूला सरली.

"कोण?" त्याने विचारलं.

"मी, अके."

म्हातारा रॉकेटवर अंगठा फिरवत म्हणाला, "टोकापासून बुडापर्यंत एका श्वासात ब्रश ओढलाय. मीच शिकवलं होतं तुला, खिडक्यांच्या चौकटींवर. कुठला रंग दिलास?"

"खरा."

"हं." त्याने मान हलवली. "त्या दिवशी त्या माणसांनी दिलं होतं माझ्या हातात, त्याच्यावर असा हात नव्हता. तोलेगेन डावरा. त्याचा ब्रश उजवीकडून डावीकडे जातो आणि शेवटी उचलला जातो, तिथं रंगाची शेपटी राहते. चारी टाक्यांवर शेपट्या होत्या. मी रंगारी आहे, पोरी. माझ्या पोरांचे हात मला ओळखू येणार नाहीत?"

उलबोसिनला आधी अर्थच लागला नाही. मग लागला, आणि ती त्याच्यासमोर खाली बसली.

"म्हणजे... तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत होतं."

"हात पालथे केलेत तेव्हा?"

"तेव्हाही. तोंडातल्या तोंडात म्हणत होतो, सुखरूप राहा, सुखरूप राहा... पण खुदाला माझे हात दिसले की ओठ, कुणास ठाऊक."

"अके!" चाळीस वर्षांत जी किंकाळी तिच्या गळ्यातून निघाली नव्हती ती आता निघाली. "मी तुमच्या रागावर जगले, अके! वाटायचं, माझे अके फसलेत, भोळे आहेत. ज्या दिवशी खरं कळेल त्या दिवशी अनवाणी धावत येतील. त्या एका दिवसाची मी वाट पाहिली... आणि तुम्ही तर पहिल्या क्षणापासून... मग पत्रांना उत्तर का नाही दिलंत? एक ओळ! 'जिवंत आहेस का' एवढं तरी!"

"बसायचो लिहायला. पहिल्याच ओळीत खरं लिहावं लागणार... मग कागद तसाच राहायचा." म्हाताऱ्याच्या आंधळ्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, आणि ते पुसायचंही त्याला सुचलं नाही. "मुलाला वाचवलं, असं मी स्वतःला सांगत आलो. नव्वदीला खोटं कशाला बोलू! डबा माझा होता, रंग माझा होता. तू पुढे झालीस आणि मला... मला हायसं वाटलं, पोरी! बापाला हायसं वाटलं! राग कसला आणि कोप कसला... त्या हायसं वाटण्याची लाज आहे ही. कुठल्या तोंडाने तुला तोंड दाखवणार होतो?"

दाराशी काहीतरी पडल्याचा आवाज झाला. तोलेगेन चौकटीला धरून खाली बसला होता.

"तुम्हाला माहीत होतं... मग मला कधी एक शब्द..."

"तू बोलतोस कधी, याची वाट बघत होतो!" म्हातारा उसळला. "रोज विचारतोय, रॉकेट कुठं गेलं, रॉकेट कुठं गेलं! मला काय खेळायला हवं होतं ते? म्हटलं, मी मरायच्या आत एकदा तरी हा म्हणेल की अके, तो रंग मी दिला होता. तर हा गेला आणि नवं विकत घेऊन आला! दोघे पुरुष आपण, रे... एका पोरीच्या पाठीआड लपलो. आणि तिला वळून बघायचीही हिंमत झाली नाही."

तोलेगेन रांगतच बहिणीपाशी आला. "ताते, मला मार. थोबाडीत मार माझ्या!"

"मारायला वाढवलं नव्हतं तुला," ती म्हणाली. आवाज कोरडा होता.

"नव्वदीला सगळं गाव जमेल. सगळ्यांसमोर सांगतो मी. नाव घेऊन सांगतो!"

"तू नाही, मी सांगणार," म्हातारा म्हणाला.

"सांगा. दोघंही सांगा." ती उठली. मान ताठ होती. "मग माझे पंचविशीतले कान परत येतील का, त्यातल्या कुड्यांसकट? मला तुमचं मन कळलं, अके. तुम्हाला माफ करणं अवघड नाही, माझा तो स्वभावच आहे मेला. पण मी आता काय करू? इतकी वर्षं ज्या घराची ओढ होती, त्या घरात मला फसलेला बाप हवा होता... हा नव्हे. चारची गाडी आहे. मी निघते."

या घरात 'थांब' म्हणायचा हक्क उरला होता कुणाला? रायहान चहाचं ताट घेऊन आत आली होती, ती गोंधळून तशीच उभी. "निदान चहा तरी घेऊन जा, ताते," ती पुटपुटली आणि ओतायला वाकली.

"इकडे आण," म्हातारा म्हणाला. "किटली माझ्याकडे दे."

रायहान बघतच राहिली. आमच्या घरांत चहा बायका ओततात. वडीलधाऱ्या पुरुषाने किटलीला हात लावलेला कुणी पाहिलेला नसतो. म्हाताऱ्याने चाचपडत कप धरला, किती भरतोय ते कळावं म्हणून त्यात बोट घातलं आणि किटली वाकडी केली. गरम धार बोटावर पडली, त्याने बोट काढलं नाही. थोडा चहा गालिच्यावर सांडला. मग त्याने कप पुढे केला, जिथे मुलगी उभी असेल असं वाटलं तिथे, जरासा चुकून, भिंतीकडे.

कपात तळाशी जेमतेम घोटभर चहा होता.

ज्या पाहुण्याने आता उठावं असं वाटतं, त्याला आमच्याकडे काठोकाठ भरून देतात. आणि ज्याला जाऊ द्यायचं नसतं त्याला घोटघोट, म्हणजे तो पुन्हापुन्हा कप पुढे करतो आणि बसून राहतो. म्हाताऱ्याचा हात अजून भिंतीकडेच धरलेला होता. उलबोसिनने त्या हाताकडे पाहिलं, भाजून लाल झालेल्या बोटाकडे पाहिलं. बाहेर गाडीची शिटी झाली. तोलेगेनने मान वर केली नाही.

ती दोन पावलं पुढे आली, कप घेतला आणि एका घोटात संपवला. मग गालिच्यावर, वडिलांच्या गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ बसली. बराच वेळ रिकामा कप तिच्या हातात होता. गाडी थांबली, गाडी सुटली, खिडकीच्या काचा थरथरल्या आणि शांत झाल्या.

"अजून," ती म्हणाली आणि कप पुढे केला.

म्हाताऱ्याने पुन्हा घोटभरच ओतला.